बारा फुटी रॉड, सहा हजारांचं बजेट: पुळणीवरून गरवायला नक्की काय घ्यावं?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. समुद्रावर पुळणीवरून, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरून, गरवायला (गळाने मासे धरायला) पहिलाच रॉड आणि रीळ घ्यायचंय, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

राहायला बडोद्यात. मित्राच्या सात फुटी रॉडवर तळ्यात गरवलंय, त्यामुळे गाठी मारता येतात आणि रीळ हाताळता येतं. समुद्राचा अनुभव मात्र नाही. हिवाळ्यात आम्हा चौघांचं नारगोळ-उमरगामला जायचं ठरतंय, आणि दिवाळीत गुहागरला सासुरवाडीला जाणं असतंच. दोन्हीकडे चालेल असा एकच रॉड हवा. प्रवास रेल्वेने, संजाण किंवा चिपळूणपर्यंत, पुढे रिक्षा नाहीतर एसटी. उंची पाच फूट पाच इंच. हे मुद्दाम सांगतोय, कारण लांब रॉड पेलेल की नाही हीच शंका आहे.

बजेट सगळं मिळून ६००० रुपये. यात रॉड, रीळ, दोरी, शिसं (दोरीला बांधायचं वजन), गळ सगळं आलं. ऑनलाइन एक कॉम्बो दिसतोय: १४ फुटी टेलिस्कोपिक रॉड, १०००० नंबरचं रीळ, १२ बेअरिंग, दोरी फुकट, किंमत २८००. घ्यावा का? फायबर की कार्बन, दोरी नायलॉनची की ब्रेड (विणलेली), हेही सांगा. गावातल्या दुकानांत तळ्या-नदीचेच रॉड मिळाले, समुद्राचा हातात धरून बघायला मिळालेला नाही.

सुरूचीझाडं

कॉम्बो घेऊ नका. टेलिस्कोपिक रॉड एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा असतो आणि पुळणीवर त्या नळ्यांच्या सांध्यांत बारीक वाळू जाते. एकदा गेली की रॉड एकतर पूर्ण उघडत नाही नाहीतर बंद होत नाही. ओढाताण केली की नळीला ओरखडा पडतो आणि पुढे तिथेच मोडतो. प्रवासाला सोयीचा असतो हे खरं, पण त्यासाठी तीन तुकड्यांचा रॉड मिळतो.

नाना_अलकापुरी

दांडियाबाजारकर, तुम्ही उंची आणि प्रवास दोन्ही सांगितलंत हे बरं केलंत. बहुतेक लोक विचारतात "बेस्ट रॉड कुठला", आणि त्याला उत्तर नसतं. जरा सविस्तर लिहितो.

आधी लांबी. किनाऱ्यावर लांब रॉड दोन कामांसाठी लागतो. फेकताना टोकाचा वेग वाढतो, म्हणून शिसं लांब जातं. आणि रॉड उभा रोवल्यावर दोरी फुटणाऱ्या लाटांच्या वर राहते, फेसाच्या तडाख्यात सापडत नाही. दुसरं कारण पहिल्याहून महत्त्वाचं आहे असं माझं मत. आता १४ फूट घेतला तर तो चांगला वाकवण्यासाठी उंची, खांदे आणि सराव तिन्ही हवेत. वाकलाच नाही तर लांबीचा फायदा शून्य, नुसतं वजन हातात. तुमच्या उंचीला १२ फूट, म्हणजे ३.६ मीटर, भरपूर झाला. ११ फुटी चांगला मिळाला तरी हसत घ्या.

आता जी गोष्ट दुकानदार सांगत नाहीत ती. रॉडच्या मुठीच्या वर बारीक अक्षरांत छापलेलं असतं: १००–२०० ग्रॅम, किंवा ४–८ औंस. हा त्या रॉडचा खरा नंबर. रॉड किती वजन फेकायला बनवलाय ते तिथे लिहिलेलं असतं. हे छापलेलंच नसेल तर तो रॉड घेऊ नये, मग लांबी आणि रंग काहीही असो. त्या आकड्यात शिशाबरोबर आमिषही धरायचं. १२० ग्रॅमचं शिसं आणि दोन मोठ्या कोळंब्या किंवा बांगड्याचा तुकडा म्हटलं की १५०–१६० ग्रॅम झाले. १००–२०० च्या रॉडला हे अगदी मधोमध बसतं. आकड्याच्या वरच्या टोकाला जाऊन जोरात फेकू नका.

तुमच्या बाबतीत हा आकडा आणखी महत्त्वाचा, कारण तुम्ही गुजरातच्या किनाऱ्यावर जाणार आहात. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. भावनगरला उधाणाला तो दहा मीटरच्या वर जातो. दक्षिणेला नारगोळपर्यंत येता येता फरक बराच कमी होतो, तरी कोकणापेक्षा जास्तच, आणि पाणी वाहतं जोरात. ६०–८० ग्रॅमचं शिसं तिथे जागेवर थांबतच नाही, प्रवाह त्याला किनाऱ्याला समांतर लोळवत नेतो आणि शेजाऱ्याच्या दोरीत गुंतवतो. म्हणून कमीत कमी १२० ग्रॅम फेकणारा रॉड घ्या. शिसं पिरॅमिडच्या आकाराचं किंवा तारेच्या नख्या असलेलं. गोल शिसं खडकात बरं, वाळूत ते लोळतं.

फायबर की कार्बन? निव्वळ फायबरग्लास १२ फुटांत जड होतो आणि टोकाशी लुळा पडतो, पण मार खूप सोसतो. निव्वळ कार्बन हलका आणि चपळ, पण दगडावर आपटला किंवा शिसं लागलं की आत न दिसणारी चीर पडते आणि पुढच्या फेकीला मोडतो. या बजेटात दोन्हींचं मिश्रण मिळतं, पहिल्या रॉडला तेच घ्या. जाहिरातीत "९९ टक्के कार्बन" लिहिलेला दीड हजाराचा रॉड दिसला तर विश्वास ठेवू नका.

आणि तीन तुकडे. १२ फुटी रॉड तीन तुकड्यांत साधारण सव्वाचार फुटांचा होतो. स्लीपरच्या बर्थखाली तिरका बसतो, रिक्षातही मावतो. दोन तुकड्यांचा सहा फुटांच्या वर जातो, वलसाड पॅसेंजरच्या गर्दीत तो सांभाळताना नाकी नऊ येतात.

जाता जाता एक, पण हे विसरू नका: रॉड स्टेशनवर जोडून बघायचा नाही. वर २५,००० व्होल्टची तार असते आणि कार्बनमधून वीज जाते. मिश्र रॉडमध्येही कार्बन असतोच. तारेला टेकलाच पाहिजे असंही नाही, फार जवळ गेला तरी पुरतं. आकाशात वीज चमकायला लागली की किनाऱ्यावरही रॉड आडवा ठेवून लांब जायचं.

बेअरिंगवाला

नानांनी रॉडचं सांगितलं, मी रिळाचं सांगतो. मकरपुरा जीआयडीसीत गियर-बेअरिंगचंच काम करतो, आणि घरी बरीच रिळं उघडून साफ केलेली आहेत.

बेअरिंगची संख्या ही जाहिरात आहे. स्पिनिंग रिळात कामाची बेअरिंग मोजकीच: मुख्य गियरच्या दोन बाजूंना, पिनियनवर (त्याला जोडलेल्या लहान गियरवर), दोरी जिथून वळते त्या रोलरमध्ये, आणि हँडल उलट फिरू न देणारी एक. चार-पाच चांगली असली की पुरे. १२ लिहिलेल्या स्वस्त रिळात जास्तीची बेअरिंग हँडलच्या मुठीत वगैरे बसवलेली असतात, तीही साध्या पोलादाची. खाऱ्या हवेने ती गंजतात. सर्वांत आधी जातो तो दोरीचा रोलर, कारण खारं पाणी थेट त्याच्यावर येतं. तो जाम झाला की दोरी त्याच्यावरून घासत जाते, पीळ पडतो, आणि लोक दोरीला दोष देतात.

स्वस्त रिळांचं शरीर बहुधा ग्राफाइटचं, म्हणजे तंतू घातलेलं प्लॅस्टिक. ते गंजत नाही, ही जमेची बाजू. पण ताण आला की किंचित वाकतं आणि आतल्या गियरचे दाते एकमेकांवर नीट बसत नाहीत. अॅल्युमिनियमचं शरीर ताठ राहतं, पण रंग उडाला की मिठाने पांढरं पडून खात जातं. पेन बॅटल किंवा दाइवा बीजी ही धातूच्या शरीराची रिळं खरोखर टिकाऊ आहेत, पण तुमचं अख्खं बजेट त्यातच जाईल. तुम्हाला नावाजलेल्या कंपनीचं खालच्या श्रेणीतलं ग्राफाइट शरीराचं रीळ योग्य. पेन परस्यूट त्याच जातीचं. अडीच ते साडेतीन हजारांत या श्रेणीत काहीतरी हाती लागतं. पुळणीवर माशाला रिळाने ओढून काढायचं नसतं. रॉड उचलून मासा जवळ घ्यायचा आणि रॉड खाली नेताना दोरी गुंडाळायची, असं केलं तर ग्राफाइट शरीरावर फार ताण येत नाही.

नंबरचं काय? एका कंपनीचा ६००० दुसऱ्या कंपनीच्या ८००० एवढा असू शकतो. म्हणून नंबर सोडा, स्पूलवर (दोरी गुंडाळली जाते त्या चक्रीवर) छापलेलं वाचा. ०.३५ मिमी दोरी २५० मीटर मावते ना, एवढं बघा. मावत असेल तर रीळ पुरेसं मोठं आहे. त्याहून फार मोठं घेतलं तर ७००–८०० ग्रॅमचा धोंडा दिवसभर हातात.

ड्रॅगवरही, म्हणजे मासा जोरात ओढायला लागला की दोरी सोडणाऱ्या रिळाच्या ब्रेकवरही, असंच मोठं काहीतरी लिहितात, २० किलो म्हणून. तुमची दोरी तुटणार ९ किलोला. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश लावायचा असतो, म्हणजे अडीच-तीन किलो. सामान तोलायचा हुकचा काटा दोरीला बांधा आणि ओढून बघा, किती किलोला स्पूल फिरायला लागतो ते कळतं. खरं बघायचं ते हे की स्पूल गुळगुळीत सुटतो की अडखळून झटक्याने. झटक्याने सुटणारा ड्रॅग ऐन वेळी दोरी तोडतो.

दुकानात हातात आलं तर हँडल अगदी हळू फिरवा, कानाशी धरून. भराभर फिरवलं की सगळी रिळं छान वाटतात. हळू फिरवताना जिथे खरखर किंवा गाठ लागल्यासारखं होतं तिथे दात खराब. मग हँडल मागे-पुढे हलवा. सुईएवढी ढिलाई चालते, त्याहून जास्त असेल तर दुसरं मागा.

सुरूचीझाडं

बेअरिंगवाला, एक विचारते. "फ्री स्पूल"वाली रिळं मिळतात ना, मासा ओढेल तशी दोरी मोकळी सोडणारा जास्तीचा खटका मागे असतो ती, ती घ्यावीत का? नारगोळला एका मोठ्या पाकटाने (स्टिंगरेने) रॉड होल्डरसकट समुद्रात नेताना बघितलाय.

बेअरिंगवाला

ताई, उपयोगी आहे, पण या बजेटात त्या खटक्यापायी मुख्य ड्रॅग कमी प्रतीचा मिळतो. साधं रीळ असेल तर रॉड रोवल्यावर ड्रॅग सैल करून ठेवायचा. मासा लागला की स्पूलचा आवाज येतो, रॉड उचलायचा आणि ड्रॅग घट्ट करायचा. तेच काम होतं.

माहेर_गुहागर

मी वेगळं मत मांडते, रागावू नका. माझे वडील आयुष्यभर गुहागरात गरवत आले, आणि त्यांच्याकडे रॉड कधीच नव्हता. लाकडाच्या फळीला गुंडाळलेला तंगूस (नायलॉनची दोरी), टोकाला शिसं, वर दोन गळ. डोक्यावरून गरगर फिरवून टाकायचे आणि तंगूस बोटावर धरून उभे राहायचे. चावा बोटालाच कळतो. रावस, शिंगाळा, बोय, सगळं त्याच तंगुसाने घरी यायचं. सगळा खर्च काही शे रुपयांचा.

हे सांगायचं कारण असं की मासे बऱ्याचदा जवळच असतात. ओहोटीला किनाऱ्यावर उभं राहून बघितलं की कळतं. पहिली लाट फुटते तिच्या अलीकडे पाणी जरा गडद दिसतं, तिथे चर (वाळूतला खोलगट पट्टा) असते. भरती चढायला लागली की मासा त्या चरीत खायला येतो, कारण लाटेने उकरलेले किडे-खेकडे तिथे साचतात. ती चर पन्नास-साठ पावलांवर असते. नवीन माणूस महागडा रॉड घेऊन चरीच्या पलीकडे शंभर मीटरवर फेकतो आणि रिकाम्या हाताने परत येतो.

नाना_अलकापुरी

ताई, रागावण्यासारखं काय आहे, तुमचं चरीबद्दलचं म्हणणं तंतोतंत बरोबर. म्हणूनच १४ फुटांचा मोह सोडा म्हणतोय. फक्त तंगुसाबद्दल एक भर घालतो: दक्षिण गुजरातचे किनारे सपाट आहेत, ओहोटीला पाणी फार लांब जातं आणि फुटणाऱ्या लाटांचा पट्टाही रुंद असतो. तिथे तंगूस पाण्यात पडून राहिला की लाटा त्याला सतत ओढतात आणि शिसं हलतं. उंच धरलेल्या रॉडचा फायदा तिथे दिसतो. उताराच्या किनाऱ्यावर, किंवा खाडीच्या तोंडाशी, तंगूस कुठल्याही रॉडच्या तोडीस तोड.

दांडियाबाजारकर

बापरे, इतकं सविस्तर! सगळ्यांचे मनापासून आभार. कॉम्बोचा विचार सोडला. ताई, गुहागरला तंगूसही नक्की नेणार, सासऱ्यांकडे असेल जुना.

आता दोरी. मित्र म्हणतो ब्रेडच घे, बारीक असते आणि लांब जाते.

सुरूचीझाडं

पहिल्या वर्षी नायलॉनच घ्या. ०.३५ मिमी. ब्रेड बारीक आणि ताकदवान हे खरं, पण ती ताणली जात नाही. नवशिक्याच्या फेकीत झटका बसतो आणि तो सगळा गाठीवर येतो. वाऱ्यात सैल पडली की गुंता असा होतो की कापूनच टाकावी लागते. दगडावर, कालवांच्या शिंपल्यांवर घासली की क्षणात तुटते. नायलॉन ताणतं, घासलं तरी तग धरतं, आणि स्वस्त असल्यामुळे खराब झालं की बदलायला जीव कचरत नाही.

पण कुठलीही दोरी घ्या, पुढे शॉक लीडर, म्हणजे जाड दोरीचा जोडतुकडा, हवाच. याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. दीडशे ग्रॅम शिसं जोरात फेकताना दोरीला जो हिसका बसतो त्याने ०.३५ ची दोरी तुटू शकते. तुटलं तर ते शिसं सुटून बंदुकीच्या गोळीसारखं जातं, आणि पुळणीवर पोरं खेळत असतात. हिशोब सोपा आहे: शिशाच्या प्रत्येक औंसाला १० पौंड ताकद. १२० ग्रॅम म्हणजे सव्वाचार औंस, तेव्हा ४५–५० पौंडांचा लीडर, साधारण ०.६५ ते ०.७० मिमीचा. लांबी रॉडच्या दुप्पट अधिक स्पूलवर सहा वेढे. १२ फुटी रॉडला नऊ मीटर पुरतो. जोडगाठ युनी-टू-युनी नाहीतर अल्ब्राइट, बारीक कापलेली, म्हणजे रॉडच्या कड्यांतून जाताना अडकत नाही.

पादरारोड

मीही बडोद्याचाच. मला कळत नाही, फेकायचा सराव इथे कुठे करायचा? विश्वामित्रीच्या काठी किंवा आजव्याला चालेल का?

नाना_अलकापुरी

विश्वामित्रीच्या काठी अजिबात नाही. मगरी शहराच्या मधोमध आहेत, ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्तीत आलेल्या सगळ्यांनी पाहिल्या. आजव्यालाही मगरी आहेत, आणि ते शहराच्या पिण्याच्या पाण्याचं तळं आहे. सरावाला पाणी लागतच नाही. पोलो ग्राउंडवर पहाटेपासून फिरणारे असतात, तिथेही नको. पादऱ्याकडे कापणी झालेलं शेत, मालकाला विचारून, समोर दोनशे मीटर कुणी नाही याची खात्री करून. शिसं साधं, गळ न लावता. अर्ध्या जोराने सुरुवात करायची. पहिल्या बोटाला चामड्याचा टोपीवजा तुकडा घालायचा, नाहीतर दोरी बोट कापते. आणि फेकताना ड्रॅग पूर्ण घट्ट. हे विसरलं तर फेकीच्या ऐन वेळी स्पूल फिरतो आणि दोरी बोट चिरत जाते.

पादरारोड

आभार नाना. शेत आमचंच आहे, कापूस निघाला की मोकळं असतं. धागाकर्त्यांना यायचं असेल तर स्वागत आहे.

माहेर_गुहागर

भरतीचं कुणी बोललं नाही अजून. रॉड कितीही चांगला असला तरी वेळ चुकली की फुकट. आमच्याकडे तिथीला पाऊणने गुणतात. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला पंधरा धरून सव्वाअकरा, ही पूर्ण भरतीची वेळ. दिवसात दोनदा भरती, म्हणून रात्रीचंही तेच धरायचं. भरतीच्या आधीचे दोन-तीन तास आणि नंतरचा तासभर गरवायला चांगले.

नाना_अलकापुरी

हा पाऊणपटीचा हिशोब मुंबई आणि कोकणात साधारण बसतो. गुजरातेत उत्तरेला आखातात जाल तशी भरती उशिरा होत जाते, म्हणून सुरत-डुमसकडे हा हिशोब लावू नका, भरतीचं छापील किंवा मोबाइलवरचं वेळापत्रकच बघा. आणि नवीन माणसाने उधाणाच्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, या किनाऱ्यांवर जाऊ नये. सपाट किनाऱ्यावर ओहोटीला लांब आत चालत गेलात तर भरती मागून येते, मधली चर आधी भरते आणि परतीची वाट बंद होते. चिखल असेल तर पाय निघत नाही. भांगाच्या दिवसांत, सप्तमी ते दशमी, पाणी सौम्य असतं, तेव्हा सुरुवात करा. डुमसला जायचं तर टोमॅटोची भजी खायला जा, गरवायला नारगोळच बरं.

बेअरिंगवाला

रॉड होल्डरवर पैसे घालवू नका. हार्डवेअरच्या दुकानातून ५० मिमीचा जाड पीव्हीसी पाईप, चार-साडेचार फूट. एक टोक तिरकं कापायचं म्हणजे वाळूत घुसतं. वरून दीड फुटावर आरपार छिद्र पाडून स्टीलचा बोल्ट घालायचा, रॉडची मूठ त्याच्यावर टेकते आणि आत वाळू लागत नाही. दीड-दोनशे रुपयांत होतो. दोन फूट तरी खाली ठोका.

परत आल्यावर रीळ आणि रॉड गोड्या पाण्याने धुवायचे, पण अंघोळीच्या शॉवरसारख्या हलक्या धारेने. जोराचा फवारा मारला की मीठ आणखी आत ढकललं जातं. धुताना ड्रॅग घट्ट, म्हणजे त्याच्या चकत्यांत पाणी जात नाही. वाळल्यावर सैल करून ठेवायचा, नाहीतर चकत्या दबून राहतात. रोलरवर तेलाचा एक थेंब. वाळू लागलेलं रीळ न धुता हँडल फिरवायचं नाही.

सुरूचीझाडं

पक्कड लांब तोंडाची घ्याच, शंभर-दीडशेची मिळते. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात, हाताने धरायला जाऊ नका. पाकट वाळूत पडलेला असतो, पाण्यात पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे तो आधीच निघून जातो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखाना गाठायचा. लांजा (गिटारफिश) किंवा करवत मासा गळाला लागला तर दोरी कापून सोडून द्या, त्यांच्यातल्या जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तसाही लांजा फार कमी उरलाय, तो परत पाण्यात गेलेला बघायला मला तरी बरं वाटतं.

दांडियाबाजारकर

मंडळी, खरेदी झाली. सुरतेच्या एका दुकानात जाऊन हातात धरून घेतलं. नानांच्या सांगण्याप्रमाणे तीन तुकड्यांचा १२ फुटी मिश्र रॉड, १००–२०० ग्रॅम छापलेला, २३५०. दुकानदार आधी १४ फुटीच दाखवत होता. मी ग्रॅमचा आकडा विचारला तेव्हा त्याने आतून दुसरा काढला. जोडून कड्या एका रेषेत आहेत का पाहिलं, आणि कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवला. एका रॉडच्या टोकाच्या कडीत कापूस अडकला, चिनी मातीच्या वळ्याला केसासारखी चीर होती. तो परत दिला आणि दुसरा घेतला.

रीळ ग्राफाइट शरीराचं, ०.३५ ची २६० मीटर मावणारं, २६००. बेअरिंग चारच! ०.३५ नायलॉनची ३०० मीटरची गुंडी, लीडर, सहा शिसं, ४/० चे सर्कल गळ, फिरक्या आणि पक्कड मिळून ९६०. एकूण ५९१०. पाईप घरीच पडलेला होता.

शेवटचा प्रश्न: स्पूल किती भरायचा, आणि दोरीला पीळ न पडता कसा?

बेअरिंगवाला

उत्तम खरेदी. कापसाची युक्ती मीही करतो.

स्पूलच्या काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली थांबा. कमी भरला तर दोरी काठाला घासत सुटते आणि फेक आखूड पडते. जास्त भरला तर एकदम चार-पाच वेढे सुटून गोळा होतो. भरताना रीळ रॉडला लावा, दोरी पहिल्या कडीतून घ्या, आणि गुंडी जमिनीवर आडवी ठेवा. दोरी गुंडीवरून ज्या दिशेने सुटते त्याच दिशेने स्पूलवर चढायला हवी. वीस-पंचवीस वेढे झाले की थांबून दोरी सैल सोडून बघा. लगेच वळ्या पडल्या तर गुंडी उलटी करा. दोन बोटांत ओलं फडकं धरून दोरी त्यातून दाबून घ्या, म्हणजे घट्ट बसते आणि गरमही होत नाही. ३०० मीटरपैकी पन्नासएक मीटर उरेल, ती गळाच्या दोऱ्यांना वापरा. लीडर सर्वांत शेवटी, त्याच्या वेढ्यांसाठी काठाशी थोडी जागा ठेवून.

पादरारोड

कापूस निघाला आहे. येत्या रविवारी सकाळी सातला शेतावर या, नानांनाही फोन केलाय. फक्त साधं शिसं आणा, गळ घरीच ठेवा.